वजनं निवेपर्यंत

जानेवारी ते मार्च आमच्या धंद्यात मान वर करायला सवड नसते. कारखान्यांतल्या काट्यांवर वर्षापूर्वी चिकटवलेल्या स्टिकरांची मुदत एकदमच संपत येते, ऑडिट तोंडावर असतं आणि प्रत्येकाला कॅलिब्रेशन, म्हणजे काटा बरोबर वजन दाखवतो का याची तपासणी, याच आठवड्यात हवं असतं. मी कोल्हापूरच्या एका लॅबसाठी हे काम करते. यंदा गोव्याचा आठवडा माझ्या वाट्याला आला. वेर्णा, कुंडई, खोर्ली, पिळर्ण, डिचोली, म्हणजे औद्योगिक वसाहतींमागून वसाहती. "मज्जा आहे बाबा तुझी," असं ऑफिसात सगळ्यांनी म्हणून घेतलं. समुद्रकिनाऱ्यावर मी पाऊलसुद्धा ठेवलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना शॅक आणि सूर्यास्त वाचायचाय त्यांनी इथूनच परतावं.

आमच्या कामातली एक गोष्ट मात्र माहीत असायला हवी. काटे ज्यानं तपासतात ते एक किलोचं ई-टू या अचूकतेच्या वर्गाचं वजन दिसायला स्टीलचा चकचकीत ठोकळा, पण त्यात १.६ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक चालत नाही. असलं वजन गाडीतून काढून लगेच पारड्यावर ठेवता येत नाही. ते खोलीपेक्षा गरम असलं तर त्याच्या अंगालगतची हवा वर चढते, गार असलं तर खाली उतरते, आणि तेवढ्यानंही शेवटचे आकडे डुलत राहतात. म्हणून आधी पेटी लॅबमध्ये नेऊन ठेवायची, काटा चालू करून ठेवायचा आणि थांबायचं. एरवी हा वेळ आम्ही सिक्युरिटीच्या खुर्चीत मोबाइल चाळत काढतो. गोव्यात तसं करणं म्हणजे शुद्ध करंटेपणा.

सोमवार

मुक्काम पणजीत, मळा या भागात, एका काकींच्या घरातली मागची खोली. सहा वाजता रस्त्यावर भोंगा वाजला, पों पों. पदेर, म्हणजे पाववाला, आला. सायकलच्या मागे टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, आणि ते उचललं की आतून गरम वाफ. आमचे ड्रायव्हर मामा दात घासत गेटपाशी उभे होते, ते ब्रश तोंडात ठेवूनच टोपलीत डोकावले. उंडे, कोंडा लावलेल्या पोया, कातऱ्यांचे पाव आणि एका बाजूला काकणं. काकींनी पोया आणि काकणं घेतली. काकण म्हणजे पावाचं कडक कडं, बांगडीएवढं. नुसतं खायला गेलात तर दाताची परीक्षा. पण चहात अर्धं बुडवून दोनपर्यंत मोजलं की बाहेरचा थर मऊ पडतो आणि आतला गाभा कुरकुरीत राहतो. तीन मोजलेत की तुकडा कपात. काकी आकडे न मोजता बोलता बोलता बरोबर काढत होत्या. "पूर्वी पीठ माडाच्या सुरेनं फुगवायचे," त्या म्हणाल्या. "आता यीस्ट. पण आमचा पदेर भट्टी लाकडाचीच ठेवतो."

वेर्ण्याला जाताना आगशी लागते. रस्त्याकडेला चोरिसांच्या, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजच्या, माळा टांगलेल्या, शेजारी वांग्यांचे ढीग. मामांनी चोरिसांकडे पाहून गाडी हळू केली, मी घड्याळाकडे पाहून ती पुन्हा पळवायला लावली. झुवारीच्या नव्या पुलावरून खाली धुकं, त्यात एक होडी. बास, हेच माझं जलदर्शन.

दिवसभराचं काम सांगण्यासारखं नाही. औषधांचा कारखाना, डोक्याला टोपी, बुटांना पिशव्या, तोंडाला मास्क. सात मायक्रो-काटे, प्रत्येकाचे चारी कोपरे तपासायचे. संध्याकाळी परतलो तेव्हा मामा पोटात मासळीची जागा करून आले होते. काकींनी ताट वाढलं आणि मामांचा चेहरा उतरला.

"आयज सोमार," काकी म्हणाल्या. "शिवराक."

गोव्यातल्या बऱ्याच हिंदू घरांत सोमवारी मासे नसतात, आणि माझं मत असं की गोव्याचा खरा स्वयंपाक सोमवारीच कळतो. मासळी असली की बाकीच्या वाट्या कोण बघतं? त्या रात्री तांबडी भाजी होती. भात कापून झाला की त्याच शेतांत थंडीचा भाजीपाला लावतात, त्यातली ही. कांदा, हिरवी मिरची, वरून खोबरं, बाकी काही नाही. भाताला लागली की भात गुलाबी. अळसांद्यांचं, म्हणजे चवळीसारख्या दाण्यांचं, तोंडाक दाट, वाटपाला भाजलेल्या खोबऱ्याचा वास. आणि मुगागाठी. मोड आलेले मूग सोलून काढलेले, एकेक अख्खा, रशात गुळाचा नुसता संशय. इतके मूग सोलत बसायला दुपार जाते. मी तसं म्हटलं तर काकी म्हणाल्या, "टीव्ही बघत बघत होतं गो बाय." मामांनी तिसऱ्यांदा भात घेतला, पण कोल्हापूरच्या माणसाच्या मानाला जागून तोंडानं काही कबूल केलं नाही.

मंगळवार

कुंडईला थंडी जाणवली. पणजीत सकाळी जेमतेम वीस अंश, पण बाणस्तारीचा पूल ओलांडून आत शिरलं की हवेत फरक पडतो. वॉचमननं कानटोपी घातली होती. ज्या थंडीला आमच्याकडे कुणी स्वेटरसुद्धा शोधणार नाही, त्या थंडीत फोंडा तालुका मफलरमध्ये असतो. आंब्यांना मोहोर आलेला, काजूलाही.

इथले काटे मोठे, गोदामातले प्लॅटफॉर्म. त्यांना वीस-वीस किलोची लोखंडी वजनं लागतात आणि ती उचलायला माणसं लागतात. स्टोअरमध्ये काम करणाऱ्या तीन बायका आणि एक पोरगा मदतीला दिला होता. अकराच्या ठोक्याला चौघंही हातातलं सोडून गेली. काटा अर्धा लादलेला, मी वही घेऊन उभी. रागवावं म्हणून मागे गेले, तर शेडच्या सावलीत डबे उघडलेले. पेजेची वेळ.

"येयात, बसा," त्यातली थोरली म्हणाली. मराठीत बोलायचं म्हणून माझ्यासाठी खास शुद्ध बोलत होती. स्टीलच्या डब्याच्या झाकणात त्यांनी मला पेज ओतली. उकड्या तांदळाची, दाणा जाड, तांबूस, शिजून फुटलेला पण विरघळलेला नाही. पाणी पिठूळ. मीठ आपलं आपण. सोबत चेपणीचं तोर, म्हणजे पावसाळ्याआधी मिठात घातलेली कोवळी कैरी. ती आता जानेवारीत सुरकुतून हिरवट-पिवळी झालेली. चावली की आधी मीठ, मग आंबट, मग सालीचा किंचित कडवटपणा. पोरग्याकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेला खारा बांगडा होता, घरून चुलीवर भाजून आणलेला. त्यानं चिमटीनं मांस सोडवून प्रत्येकाच्या पेजेवर टाकलं. पाव इंचाचा तुकडा, पण त्यावर चार घोट उतरतात. पेज कोमट होती. गरम असती तर घाम आला असता, गार असती तर थंडीत नको वाटली असती. अंगात बेताची ऊब पसरली आणि उरलेलं लोखंड त्यांनी माझ्याआधी उचललं.

पुढे आठवडाभर मी अकराचं कॅलिब्रेशन कधीच अकराला लावलं नाही.

चारच्या सुमारास फोंड्यात थांबलो. मिरच्या नुकत्या तळून निघत होत्या. मामांनी चार खाल्ल्या आणि "आमच्याकडची तिखट असते" असं डोळे पुसत सांगितलं. बाजूच्या भिंतीवर मंदिराच्या उत्सवातल्या मराठी नाटकाचं पोस्टर होतं, गावातल्याच हौशी मंडळींचं, रात्री साडेदहा. जायचं ठरवलं. नऊला झोपलो.

बुधवार

वेर्ण्याच्या दुसऱ्या कारखान्यानं कळवलं की गेटपास अकराशिवाय होणार नाही. एरवी मी चिडले असते. सिने नॅशनलजवळच्या कॅफे भोसलेत साडेसातला जाऊन बसले.

गोव्यातली भाजी-पावाची हॉटेलं सकाळी बघावीत. कोर्टात जाणारे, बँकेत जाणारे, बाजारात मासे विकून मोकळ्या झालेल्या बायका, शाळेचा गणवेश, सगळे एकाच टेबलाला. जागा रिकामी दिसली की बसायचं, समोरच्याला विचारायचं नाही. पातळ भाजी म्हणजे वाटाणे किंवा चणे खोबऱ्याच्या रशात, सुकी म्हणजे बटाट्याची. दोन्ही एका बशीत हवी असेल तर मिक्स. सोबत पाव किंवा पुरी. मी मिक्स मागवली, मामांनी मिसळ आहे का विचारलं. वेटरनं उत्तर दिलं नाही, पातळ भाजी आणून ठेवली.

रसा सौम्य होता. पहिल्या घासाला मामा नाराज दिसले. पण पाव बशीत दाबून ठेवला की तो रसा पितो आणि तळाशी बसलेली मोहरी, कढीपत्ता त्याच्याबरोबर वर येतात, तेव्हा चव लागते. शेवटी बन्स. केळं घालून मळलेल्या कणकेची ही जाडसर, तपकिरी, गोडूस पुरी मधून पोकळ असते. ती नुसती खावी की पातळ भाजीत बुडवून, यावर समोर बसलेल्या दोन सद्‌गृहस्थांत मतभेद होते. मी बुडवली. गोड आणि तिखट एकत्र नको म्हणणाऱ्यांनी एकदा करून बघावं. साडेनऊला निघताना आत सुकी भाजी संपल्याचं ओरडून सांगितलं जात होतं. सुट्टीवर आलेला माणूस साडेनऊला अजून पांघरुणात असतो.

दुपारी कुठ्ठाळीत एका छोट्या खानावळीत अखेर मामांची मासळी. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण म्हणजे कालवण, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर, सोलकढी आणि रव्यात तळलेला आख्खा बांगडा. जून-जुलैतली मासेमारीबंदी उठून महिने लोटलेले, थंडीत समुद्र शांत, तेव्हा जानेवारीत बांगडा मिळायला त्रास नाही. बोलण्यासारखी वस्तू मात्र किसमूर. सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, भाजून कुस्करलेली, त्यात कांदा, खोबरं, मिरची, जरा आंबट. ती भातात कालवायची नसते, प्रत्येक घासाच्या टोकाला चिमूटभर लावायची. मामांनी सगळी पहिल्या घासालाच कालवली. मालकिणीनं बघितलं आणि काही न बोलता आणखी आणून टाकली.

रात्री काकांनी व्हरांड्यात माडाच्या फेणीची बाटली काढली. मला सर्दी झाली होती, म्हणजे निमित्त होतं. छोट्या ग्लासात दोन बोटं, त्यात लिंबू, मीठ, सोडा आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. वास पहिल्यांदा नाकात मारतो, मग मिरची घशाशी रेंगाळते. मामांना हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, हवा होता.

"हुर्राक शिमग्याच्या आसपास," काका म्हणाले. "आत्ता काजूला मोहोर आहे. फळ पिकून खाली पडायला हवं, मग रस, मग पहिली धार. मोहोराची दारू होत नाही मामा."

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण काकांची निष्ठा माडाशी. काजू पोर्तुगिजांनी आणला, माड आमचा, एवढाच त्यांचा युक्तिवाद. मी वाद घातला नाही. फुकटची फेणी पिताना वाद घालू नये.

गुरुवार

खोर्ली. काम अडकलं. एक काटा काही केल्या शून्यावर येईना, शेवटी कळलं की वरच्या एसीचा झोत थेट त्याच्यावर येत होता. सव्वातीनला जेवायला बाहेर पडलो आणि ज्या खानावळीत गेलो तिथली बाई टेबलं पुसत होती. "सोंपलें." दुसरीकडेही तेच. इथे दुपारचं जेवण तीनला मिटतं आणि मग सगळे वामकुक्षीला जातात, तुमची पोटं त्यांनी सांभाळावीत अशी अपेक्षा करू नये. बिस्किटांवर संध्याकाळ काढली.

रात्री परत येताना पणजीत एका गाड्यावर रॉस ऑम्लेट खाल्लं. ऑम्लेट तव्यावरून बशीत पडतं न पडतं तोच त्यावर शागोतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या कालवणाचा, गरम रसा ओतायचा, वर कच्चा कांदा, लिंबू, आणि दोन पाव. मागचा एक रिक्षावाला "रोस चड घाल" म्हणून ओरडला. मीही तेच म्हटलं, उच्चार जमला असावा, कारण जास्त मिळाला. दुपारची उपासमार वसूल झाली.

शुक्रवार

हा दिवस मी वेळापत्रकात मुद्दाम असा बसवला होता. पिळर्णपासून म्हापसा जवळ, आणि म्हापशाचा बाजार शुक्रवारचा. साडेआठला पेटी लॅबमध्ये ठेवली, मॅनेजरला सांगितलं की वजनं अकराच्या आधी हात लावण्याजोगी होणार नाहीत. ते खरंच होतं. नऊला बाजारात.

या बाजाराचं वर्णन करायला बसले तर संपायचं नाही, म्हणून जेवढं विकत घेतलं तेवढंच सांगते. हरमलच्या सुक्या मिरच्या, मुठीनं उचलल्या तेव्हा खडखडल्या. माडाचा गूळ, काळपट, जिभेवर धुराची चव. मयड्याची केळी, लांबलचक आणि जाड, आमच्या केळ्याच्या दीडपट. विकणाऱ्या आजींनी बजावलं, "ही आज खायची नाहीत, हलवा करायचा." एकेक केळं दाबून त्यांनी कुठलं कधी पिकेल हे सांगितलं आणि त्या क्रमानं पिशवीत लावून दिलं. वर पुन्हा, "उलटी करू नको पिशवी." मामांनी सोमवारपासूनचं मन मोकळं केलं आणि चोरिसांची माळ घेतली. विकणाऱ्या बाईला ते तिखट आहे का असं विचारत होते. तिनं बारका मणी कापून त्यांच्या हातावर ठेवला. कच्चा कसा खाऊ, म्हणून मामा बघत राहिले. "वास घे," ती म्हणाली. शिर्का, मिरची, लसूण, धूर. मामांनी दुसरी माळ घेतली.

अकराला परत पिळर्ण. पाचला काम संपलं आणि म्हापशाला पुन्हा गेलो, या वेळी बोडगेश्वराच्या जत्रेला. पौष पौर्णिमा होऊन गेली होती, पण फेरी, म्हणजे जत्रेतली दुकानं, उठली नव्हती. बोडगेश्वर म्हणजे म्हापशाचा राखणदार, हातात दांडा आणि दिवटी. रात्री तो गावाच्या वेशीवर फिरतो अशी श्रद्धा, आणि त्याच्या वाटेवर झाडून सगळी खेळणी, पाळणे आणि खाजेवाले.

खाजं करताना मी बराच वेळ बघत उभी राहिले. बेसनाच्या बोटभर जाड शेवा आधीच तळून ठेवलेल्या. मोठ्या कढईत गुळाचा पाक, त्यात किसलेलं आलं. माणूस पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, बोटानं गोळी होते का बघतो, नाही झाली की पुन्हा ढवळतो. बरोबर वेळ आली की शेवा आत आणि मग दोन उलथन्यांनी सपासप वरखाली, थांबायचं नाही. पाक आधी चकाकतो. मग एका क्षणी तो कोरडा पडतो, पांढुरका होतो आणि शेवा एकमेकींना सोडून खुळखुळ वाजायला लागतात. त्या आवाजावर तो कढई उतरवतो. गरम शेव तोंडात टाकली की गुळाचा थर आधी फुटतो आणि आल्याचा झणका मागून येतो. थंडीत हे खाणं कुणी सुचवलं असेल त्याला आल्याची जाण होती. गोव्याच्या खाजाला २०२१ मध्ये मानांकन मिळालं, म्हापशाच्या त्या माणसाला त्याचं सोयरसुतक दिसलं नाही. "अर्दो किलो," म्हणून त्यानं मापून पुडा बांधला, बांधताना वर एक मूठ टाकली.

शनिवार

डिचोली. शेवटचे काटे, लहान कारखाना. मालक स्वतः चहा घेऊन आले. काम आटोपल्यावर मामांनी खाजाचा पुडा नव्यानं तपासलेल्या काट्यावर ठेवला. ५४० ग्रॅम, कागदासकट. मामा म्हणाले, "याला सर्टिफिकेट द्या." मालकांनी पुडा उघडला, त्यानंतरचं वजन घेतलं नाही.

साखळीत चहा, मग केरीवरून चोर्ल्याचा घाट. घाटाच्या पायथ्याशी मामांनी डझनभर पोया घेतल्या. संध्याकाळपर्यंत चामड होतील, मी सांगितलं. ओल्या फडक्यात गुंडाळून तव्यावर गरम करायच्या, हे काकींनी मामांना आधीच शिकवून ठेवलं होतं. मला नव्हतं सांगितलं.

घाट चढून गेल्यावर नाक्यावर गाडी थांबवली. दारू तपासायची असते. पोलिसानं मागचं दार उघडलं, चोरिसांचा वास आला, त्यानं मामांकडे पाहिलं. मग पेटी दिसली.

"यात काय?"

पेटी उघडली. मखमलीत ओळीनं बसवलेली चकचकीत वजनं. त्यानं सगळ्यात मोठ्या वजनाकडे बोट नेलं आणि मी "हात नका लावू!" असं इतक्या जोरात म्हटलं की मागच्या गाडीतले लोक उतरले. बोटाचा ठसा लागला तरी वजन बदलतं, मी समजावून सांगितलं. हातमोजे दाखवले. त्याला ते पटलं नाही.

"ठशाचं काय वजन असतंय?"

"या वर्गाला असतं."

त्यानं वजनांकडे एकदा, माझ्याकडे एकदा पाहिलं. मामांनी तोवर खाजाचा पुडा सोडला होता. पोलिसानं एक शेव उचलली, चावली, आलं लागलं तसा खाकरला आणि बेळगावला हे कुठं मिळतं म्हणून विचारू लागला.